तारुण्यांतील पत्नी आणि करार

वाचावयाचा पाठ: मलाखी २:१०–१६. जोडीस वाचावें: अनुवाद ७:१–४, रूथ १ व ४, १ करिंथ ७:१२–१६.

बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्या यहूदी लोकांनीं यरुशलेमेंतील मंदिर इ. स. पू. ५१५ च्या सुमारास पुनः बांधून पुरें केलें. मलाखीचा संदेश त्यानंतरचा आहे. यज्ञ चालू होते, वेदी अश्रूंनीं भिजत होती, तरी देव अर्पण स्वीकारीत नव्हता. ह्याचें कारण लोकांस कळेना. संदेष्टा त्यांस स्वतःच्या घरांत पाहावयास सांगतो.

कांहींनीं परक्या देवाला भजणाऱ्या घरांत सोयरीक केली होती. कांहींनीं तारुण्यांत केलेली पत्नी टाकिली होती. हे दोन वेगळे दोष दिसतात खरे. परंतु मूळ इब्री भाषेंत ह्या सात वचनांत विश्वासघात करणें ह्या अर्थाचें एकच क्रियापद पांच वेळां आलें आहे. दोन्ही ठिकाणीं दिलेला शब्द मोडला गेला, हें मलाखीला दाखवावयाचें आहे.

१. सोयरीक कोठें करावी?

नियमशास्त्रानें कनानी लोकांशीं सोयरीक करण्याची मनाई केली, आणि कारणहि तेथेंच दिलें: असा संबंध मुलांचें मन परमेश्वरापासून फिरवील. शलमोनाच्या ७०० राण्या व ३०० उपपत्नी होत्या, आणि म्हातारपणीं त्यांनीं त्याचें मन अन्य देवांकडे वळविलें (१ राजे ११). उलट, मोशेच्या कूशी पत्नीवरून मिर्याम त्याच्या विरुद्ध बोलली, तेव्हां मिर्यामच कोड भरून सात दिवस छावणीबाहेर राहिली (गणना १२).

रूथ तर मवाबी होती, आणि मवाबी मनुष्यानें परमेश्वराच्या मंडळींत येऊं नये असें अनुवाद २३ मध्यें लिहिलें आहे. तरी तिनें विधवा सासूची साथ सोडली नाहीं, व सासूचा देव आपला मानिला. बवाजानें तिची निष्ठा पाहून तिला वरलें. तिचा पणतू दावीद राजा झाला, व मत्तयानें प्रभूच्या वंशावळींत तिचें नांव घातलें.

तर मग पूर्वीची जात कोणती हें आधीं विचारून आपण शास्त्र पाळितों असें जो समजतो, त्यानें हा पाठ पुनः वाचावा. मुलगा प्रार्थना करितो काय, मुलगी देवाचें वचन मानिते काय, हें आधीं विचारावें. रिबकेलाहि घरच्यांनीं, जातेस काय, असें विचारलें होतें (उत्पत्ति २४:५८). आमच्या मुलींस तेवढें तरी विचारलें जावें.

२. पत्नीला टाकणें

सूटपत्र हातीं दिलें कीं आपण मोकळे झालों, असें पुरुष समजत. मलाखी सांगतो कीं त्या विवाहाला परमेश्वर साक्षी होता, आणि ती स्त्री पुरुषाची सोबतीण व कराराची पत्नी आहे. पंच उठून गेले तरी हा साक्षी उठत नाहीं. मूल झालें नाहीं, आजार जडला, माहेराहून पुरेसें आलें नाहीं, अशा कारणांनीं कोणा बहिणीस माहेरीं धाडलें जातें, तेव्हां मंडळीनें गप्प बसूं नये. वेदीवरील ते अश्रु टाकिलेल्या स्त्रियांचेच होते, असें कांहीं टीकाकार म्हणतात.

३. एक शंका

एज्राच्या वेळीं परदेशी बायका सोडल्या गेल्या. मग ज्याची पत्नी अद्याप प्रभूला मानीत नाहीं, त्यानें काय करावें? एज्राचा निर्णय परत आलेल्या थोड्या लोकांपुरता होता, आणि त्याच्या चौकशीसहि तीन महिने लागले (एज्रा १०). ख्रिस्ती मनुष्यास पौलाचें सांगणें स्पष्ट आहे कीं ती नांदण्यास राजी असेल तर त्यानें तिला सोडूं नये. विश्वास धरण्यापूर्वीं झालेला विवाह हाहि विवाहच आहे. सोयरीक करण्यापूर्वीं विचार करावा, केल्यावर निष्ठा राखावी. हा क्रम कोणी उलटूं नये.

मननासाठीं प्रश्न

(१) अनुवाद ७ मध्यें मनाईचें कारण कोणतें दिलें आहे?
(२) रूथेनें काय सोडलें व काय धरिलें?
(३) आमच्या गांवांत टाकिलेली कोणी बहीण आहे काय? तिच्या घरीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?

उपदेशक बंधूंनीं तिसरा प्रश्न उत्तर मिळाल्यावांचून सोडूं नये, अशी आमची विनंति आहे.