गरुडाच्या घरट्यावर कॅमेरा

गरुड हा पक्ष्यांचा राजा आहे. तो उंच झाडावर काड्यांचे मोठे घरटे बांधतो. माणूस जवळ गेला तर तो भिऊन उडतो आणि अंडी गार पडतात. मग घरटे बघायचे कसे?

अमेरिकेत आयोवा राज्यात डेकोरा नावाचे गाव आहे. तेथे एका संस्थेने गरुडाच्या झाडावर कॅमेरा बसवला. २०११ साली लाखो लोकांनी घरबसल्या ते घरटे पाहिले. पक्ष्यांना काहीच त्रास झाला नाही.

ह्या गरुडाचे डोके पांढरेशुभ्र असते. घरट्यात तीन अंडी होती. आईबाप पाळीपाळीने अंड्यांवर बसत. अंड्यातून पिलू निघायला साधारण ३५ दिवस लागतात. मग आईबाप माशाचे बारीक तुकडे करून पिलांना भरवतात.

पूर्वी तेथे पिकांवर डीडीटी फवारत. ते पाण्यात, मग माशांत आणि माशांतून गरुडाच्या पोटात जाई. त्यामुळे अंड्याचे कवच पातळ होई. आई बसली की अंडे फुटे. अलास्का सोडून तेथे १९६३ साली फक्त ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली. मग गरुड हळूहळू वाढले.

आपल्या मेहकर तालुक्यात घारी आहेत. त्या वावरातले उंदीर खातात. म्हणून मुलांनो, घरट्याला गोटे मारू नका, लांबूनच बघा. आणि बाबांना सांगा, फवारणीचे रिकामे डबे नाल्यात, पैनगंगेत टाकू नका.