दोन जिवांचं चालणं

केळशी, ता. दापोली

चि. सौ. बायो हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चौथ्या महिन्यातच डॉक्टरांनी वजनाचा विषय काढला आणि रोज चालायला सांगितलं. घरी सासूबाई म्हणतात, दोन जिवांची आहेस, दुप्पट जेव आणि जिना चढू नकोस. यातलं ऐकायचं कोणाचं, असं तू विचारतेस. माझं मत आधीच सांगून टाकते. तू चालावंस, रोज चालावंस, पण वजन उतरवण्याच्या मागे मुळीच लागू नयेस. या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे एकीकडे बायका उपाशी राहतात आणि दुसरीकडे नऊ महिने पलंग सोडत नाहीत. हे पत्र सासूबाईंनाही वाचून दाखव. त्यांची काळजी खरी आहे. ती ज्या बाईसाठी रास्त होती ती बाई मात्र वेगळी होती, आणि ते मी पुढे सांगणारच आहे.

तुझा पहिला आक्षेप असा, की तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २६ आहे आणि तो काही लठ्ठपणा नव्हे. युरोपातल्या मोजपट्टीने तू म्हणतेस ते जवळजवळ बरोबर आहे. तिथे २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. पण २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठी या रेषा खाली आणल्या, २३ आणि २५ वर. त्यामागचं एक मोठं कारण तुझ्या पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, एवढ्यावर हे थांबलं असतं तर त्यात नवल नव्हतं. पण पाठीवरच्या कातडीची चिमटी मोजली तेव्हा तिथली चरबी इंग्रज बाळांच्या जवळपास तेवढीच निघाली. कमी पडलं होतं ते स्नायूंचं मांस. म्हणजे दिसायला किरकोळ असलेलं आपलं शरीर आतून मेद राखून असतं, आणि मधुमेह आपल्याला कमी वजनावरच गाठतो. म्हणून तुझ्या २६ कडे डॉक्टरांनी लक्ष दिलं. त्यात तुला दोष देण्याचा भाग नाही, तू तसं वाटूनही घेऊ नकोस.

हा मेद गरोदरपणात नेमकं काय करतो ते नीट समजून घे, कारण ते समजलं की पुढचा सगळा उपदेश तुझा तुलाच सुचेल. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वारेतून अशी संप्रेरकं येऊ लागतात की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा अंमल कमी चालतो. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय आहे. ज्या बाईचा मेद मुळातच जास्त, तिच्यावर इन्सुलिनचा अंमल आधीच ढिला झालेला असतो. त्यात ही भर पडली की रक्तातली साखर वर जाते. वारेतून आईची साखर बाळाकडे जाते, पण तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाच्या स्वादुपिंडाला स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवावं लागतं, आणि इन्सुलिन हे मेद साठवणारं संप्रेरक, त्यामुळे बाळ धष्टपुष्ट होतं. आपल्याकडे गुटगुटीत बाळाचं कोण कौतुक! पण असं बाळ जन्मताना खांद्यात अडकू शकतं, सिझेरियनची वेळ येऊ शकते, आणि नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते तरी बाळाच्या अंगातलं इन्सुलिन चालूच राहतं, म्हणून पहिल्या काही तासांत त्याची साखर धोकादायक खाली येते. २००८ साली नऊ देशांतल्या २३ हजारांहून अधिक गर्भवतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईची साखर जसजशी चढती तसतसं बाळाचं वजन आणि नाळेतल्या रक्तातली इन्सुलिनची खूणही चढती आढळली, आणि अमुक आकड्याच्या खाली काहीच धोका नाही अशी रेघ कुठे ओढता आली नाही. चालण्याचं मोल इथे आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. जेवणानंतरची वीस मिनिटं म्हणूनच मोलाची. मग वजनकाट्यावर काही हललं नाही तरी चालेल.

आता सासूबाईंचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. त्या म्हणतात, आमच्या आया शेवटच्या दिवसापर्यंत राबल्या, त्यांना कुठला आलाय व्यायाम? आणि लगेच पुढे म्हणतात, म्हणून तू तरी विश्रांती घे. याज्ञिकांच्या त्याच सहा गावांत बायकांच्या श्रमांचीही मोजदाद झाली होती: विहिरीवरून पाणी आणणं, धुणी, शेतातलं काम. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिल्या आणि मधल्या महिन्यांत ज्या बाईचे श्रम जास्त, तिचं बाळ लहान. या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. तेव्हा रोजच्या श्रमात जळायचं ते बाळाच्याच वाट्यातून जायचं. आपल्या वरच्या वाड्यांमधून आजही अशा बायका आहेत. नवरा मुंबईला, आणि हिच्या माथ्यावर एप्रिल-मेमध्ये हंडे, त्याआधी शेत भाजायचा, भाजावळीचा पातेरा, मृगानंतर गुडघाभर चिखलात वाकून लावणी. तिला 'अर्धा तास चाल' सांगणं हा अडाणीपणा आहे. तिच्या डोक्यावरचा हंडा दुसऱ्याने उचलावा आणि तिच्या ताटात भर पडावी, हाच तिचा उपचार. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के बायका गरजेपेक्षा कृश होत्या, तर सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घराण्यात, दोन उलट दुखणी नांदतात. सासूबाईंचा सल्ला त्या कृश बाईसाठी अगदी बरोबर आहे. तू मात्र दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीवर असतेस, जिन्याऐवजी लिफ्ट वापरतेस. शिवाय श्रम आणि व्यायाम सारखे नसतात. श्रम थकल्यावरही थांबवता येत नाहीत. व्यायाम तुझ्या दमाने चालतो आणि दम लागला की थांबतो.

तू शिकलेली आहेस, तेव्हा तिसरा आक्षेप तुझ्याच वाचनातून येईल, की या सगळ्याचा पुरावा वाटतो तितका पक्का नाही. खरंच आहे, आणि ते लपवून उपदेश करणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये पंधराशेहून अधिक लठ्ठ गर्भवतींना आहार आणि हालचालीचं मार्गदर्शन देऊन पाहिलं. २०१५ च्या त्या निष्कर्षात गरोदरपणातला मधुमेह कमी झाला नाही, आणि मोठ्या वजनाच्या बाळांचं प्रमाणही घटलं नाही. २०१७ मध्ये ३६ चाचण्यांतल्या साडेबारा हजार बायकांची माहिती एकत्र तपासली तेव्हा फायदा दिसला तो एवढाच, की वजनवाढ सरासरी ७०० ग्रॅमने कमी आणि सिझेरियनची शक्यता थोडी कमी. पण त्याच वर्षी बीजिंगमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे तुझ्यासारख्या जास्त वजनाच्या ३०० बायका होत्या. निम्म्यांनी तिसरा महिना संपायच्या आतच एका जागी बसवलेली सायकल आठवड्यातून तीनदा चालवायला घेतली. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण २२ टक्के राहिलं, न करणाऱ्यांत ते जवळपास ४१ टक्के झालं. मला यातला फरक असा दिसतो: नुसतं सांगणं आणि प्रत्यक्ष करून घेणं यात अंतर पडतं, आणि लवकर सुरुवात केली तर गुण येतो. वारेची संप्रेरकं जोरात आल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही. तुझा चौथा महिना आहे, म्हणजे उशीर झालेला नाही, पण 'पुढच्या महिन्यापासून' म्हणायला जागाही नाही.

आहाराबाबत मुंबईतला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या झोपडपट्ट्यांमधल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला एक पदार्थ दिला गेला. ज्यांना साधा पदार्थ मिळाला त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह सुमारे १२ टक्के, या बायकांत सुमारे ७. कोणाचंही खाणं कमी केलेलं नव्हतं, उलट रोज एक पदार्थ जास्तच होता; बदलला होता तो त्याचा कस. म्हणून तुला सांगते, उपास नको, रात्रीचं जेवण टाकणं नको. उपाशी शरीर मेद जाळतं आणि त्यातून तयार होणारी आम्लं बाळाला चांगली नव्हेत. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात. दोन भाकऱ्या आणि थोडं कालवण एवढ्यात ते भागतात, दुप्पट ताटाची गरज नाही. नाचणी, कुळीथ, बांगडा, तारली, माठ, शेवग्याचा पाला हे इथलंच खाणं त्याला पुरेसं आहे. हापूसची फोड खा, पण वाटी-वाटी आमरस नको. तुझ्या बीएमआयला नऊ महिन्यांत सात ते साडेअकरा किलो वाढ योग्य धरतात. म्हणजे वजन वाढायचंच आहे, त्याला माप आहे इतकंच.

चालण्याने गर्भ पडेल ही भीती मनातून काढ. निरोगी गरोदरपणात बेताच्या व्यायामाने गर्भपात वाढल्याचं दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेव. वार खाली असेल, रक्तदाब चढला असेल, गर्भाशयाच्या मुखाला टाका घातला असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि रक्तस्राव, पाणी जाणं, पोट आवळून येणं, छातीत दुखणं, चक्कर यांतलं काहीही झालं तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांना गाठायचं.

सातव्यात तू इकडे येशील तेव्हा पावसाळा असेल. पाखाडीच्या, म्हणजे पायवाटेच्या, जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा वाडीत आणि पाखाडीवर चालायचं नाही. पडवीत येरझाऱ्या घालायच्या. उघाड असली आणि ओहोटी असली तर किनाऱ्याच्या घट्ट ओल्या वाळूवर सोबतीने चालता येईल. दापोली इथून तासाभराहून अधिक, तेही वळणांच्या रस्त्याने. बाळ अडलं तर तो तास फार लांब होतो, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात आपण दापोलीतच राहू. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत केली नसेल तर आताच कर: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० च्या आत आला तरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती पुन्हा करायची असते, आणि हीच दुसरी फेरी पुष्कळ जणी चुकवतात. दोन्ही आकडे मला कळव.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी