नेटवर्क मार्केटिंग : फायदा नक्की कोणाचा?



मल्टी लेव्हल मार्केटिंग, म्हणजेच एमएलएम, हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. कुणी त्याला नेटवर्क मार्केटिंग म्हणतं, कुणी डायरेक्ट सेलिंग. घरी आई-बाबांना विचाराल तर ते म्हणतील, "म्हणजे ती चेन का?" सेकंड इयरला आलं की एखादा सीनियर, शाळेतली जुनी मैत्रीण किंवा लांबचा दादा हमखास विचारतो, "संडेला फ्री आहेस का? एक ऑपॉर्च्युनिटी आहे, फोनवर नाही सांगता येणार."

या विषयावर कट्ट्यावर दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे "सगळं फ्रॉड आहे" आणि दुसरं म्हणजे "यार, लाइफ बदलून जाते". दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण हिशोब कोणीच मांडत नाही. आपण इंजिनिअरिंगची मुलं आहोत. एम-थ्रीचे पेपर सोडवतो, तर मग हे गणित का नको?

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत १९४५ च्या सुमारास न्यूट्रिलाइट नावाच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या विकताना ही पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्याच गोळ्या विकणाऱ्या दोन मित्रांनी, रिच डेव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल यांनी, १९५९ साली अॅमवे सुरू केली. भारतात अॅमवेने १९९८ मध्ये प्रत्यक्ष धंदा सुरू केला. त्यानंतर देशी-परदेशी बऱ्याच कंपन्या आल्या.

पद्धत साधी आहे. मेंबरला दोन प्रकारे पैसे मिळू शकतात. एक, स्वतः माल विकून त्यावरचं मार्जिन. दोन, त्याने जोडलेल्या माणसांच्या (आणि त्यांनी जोडलेल्या माणसांच्या) खरेदीवर कमिशन. वरचे ते अपलाइन आणि खालचे ते डाउनलाइन. पहिली कमाई म्हणजे साधी दुकानदारी आहे, तिच्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. सगळा प्रश्न दुसऱ्या कमाईचा आहे.

झाडाचं गणित

प्रेझेंटेशनमध्ये फळ्यावर एक झाड काढतात. "तुम्ही फक्त पाच जण आणा. ते पाच जण पाच-पाच आणतील." ठीक आहे, काढूया झाड. १, ५, २५, १२५, ६२५, ३१२५. पाचव्या पायरीलाच आपल्यासारख्या कॉलेजातली सगळी पोरं संपतात. तेराव्या पायरीवर १२२ कोटी माणसं लागतात. वरच्या पायऱ्याही मिळवल्या तर १५२ कोटींच्या पुढे आकडा जातो, म्हणजे भारताच्या लोकसंख्येपेक्षा जास्त!

यावर चेनवाल्यांचं उत्तर तयार असतं. "एवढं खाली कधी जातच नाही. आणि दरवर्षी नवीन मुलं अठरा वर्षांची होतातच की." उत्तर अगदीच चुकीचं नाही. म्हणून तेरावी पायरी विसरून जाऊ आणि चौथ्याच पायरीवर थांबू. १ + ५ + २५ + १२५ + ६२५ म्हणजे ७८१ माणसं. यातली ६२५ सगळ्यात खाली आहेत, त्यांच्याखाली कोणीच नाही. म्हणजे ८० टक्के! घातलेले पैसे निघायला आपल्याखाली दोन पायऱ्या भराव्या लागतात असं धरलं, तर ७८१ पैकी ७५० जण तोट्यात आणि ३१ जण फायद्यात. झाड आणखी वाढलं तरी हे टक्के तेवढेच राहतात. फक्त तोट्यातल्यांचा आकडा मोठा होतो.

आता कुणी म्हणेल, प्रत्यक्षात झाड असं शिस्तीत वाढत नाही. बरोबर आहे. एकाखाली पन्नास असतात, दुसऱ्याखाली शून्य. तर मग असा हिशोब करू, जो कुठल्याही आकाराच्या झाडाला लागू पडेल. सगळ्यात वरचा सोडला तर प्रत्येक मेंबरला कोणीतरी एकानेच जोडलेलं असतं. म्हणजे ७८१ मेंबर असतील तर जोडण्या किती? ७८०. सरासरी एका मेंबरने किती जण जोडले? ७८० भागिले ७८१, म्हणजे एकापेक्षा कमी! मेंबर हजार असोत की दहा लाख, प्लॅन बायनरी असो की आणखी कुठला, ही सरासरी एकाच्या वर जाऊच शकत नाही.

"फक्त पाच जण आणा" हे वाक्य ऐकताना ही गोष्ट डोक्यात ठेवा. ज्या झाडात सरासरी माणूस पुरता एकही जण जोडू शकत नाही, तिथे प्रत्येकाला पाचाचं टार्गेट दिलं जातं.

आता केसीएल लावू

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये किरचॉफचा करंट लॉ सगळ्याच ब्रँचना असतो. नोडमध्ये जेवढा करंट आत येतो तेवढाच बाहेर जातो, नोडमध्ये करंट तयार होत नाही. पैशाचंही तसंच आहे. सगळ्या मेंबर्सभोवती एक मोठं वर्तुळ काढा आणि आत काय येतं, बाहेर काय जातं ते बघा.

समजा जॉइन व्हायचं पॅकेज १०,००० रुपयांचं आहे. त्यात जो माल मिळतो तो बाजारात ३,००० रुपयांना मिळाला असता. प्रत्येक पॅकेजमागे कंपनी सगळ्या अपलाइनला मिळून ४,००० रुपये कमिशन वाटते. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत.) आता वर्तुळाबाहेर गेले माणशी १०,००० आणि आत परत आले माल धरून ७,०००. म्हणजे सरासरी मेंबर ३,००० रुपयांनी खाली. कमिशनचा प्लॅन कितीही भारी असला, डायमंड, प्लॅटिनम अशी नावं असली, तरी ही सरासरी बदलत नाही. प्लॅन फक्त एवढंच ठरवतो की कोणाच्या खिशातले पैसे कोणाच्या खिशात जाणार.

ही सरासरी प्लसमध्ये यायचा एकच मार्ग आहे. वर्तुळाच्या बाहेरच्या माणसाने पैसे द्यायला हवेत. म्हणजे असा गिऱ्हाईक, ज्याला मेंबर व्हायचं नाही, कमिशन नको, फक्त तो साबण आवडला म्हणून तो विकत घेतो. एमएलएम चांगलं की वाईट हे या बाहेरच्या गिऱ्हाइकावर ठरतं. तो असेल तर धंदा आहे, नसेल तर आपल्याच माणसांचे पैसे इकडून तिकडे फिरत असतात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅमवेला बेकायदा पिरॅमिड ठरवलं नाही, त्यामागे कंपनीचे तीन नियम होते. घेतलेल्या मालापैकी निदान ७० टक्के विकलेला हवा, महिन्याला निदान दहा गिऱ्हाइकांना विक्री हवी आणि न खपलेला माल परत घ्यायला हवा. (कमाईचे आकडे फुगवून सांगितल्याबद्दल मात्र तेव्हाही ठपका बसलाच.) २०१६ मध्ये याच कमिशनबरोबरच्या समझोत्यात हर्बालाइफला २० कोटी डॉलर द्यावे लागले आणि मेंबरचं कमिशन खऱ्या, तपासता येईल अशा विक्रीशी जोडावं लागलं. दोन्ही वेळेला प्रश्न तोच होता, शेवटी माल कोण वापरतंय?

विकणाऱ्याचा हिशोब

माझ्या रूममेटने सेकंड इयरला असाच एक प्लॅन घेतला होता. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. तिचे वडील एसटीत कंडक्टर आहेत, आणि मेसच्या पैशातून तिने पॅकेज घेतलं. सहा महिन्यांनी आम्ही दोघींनी वही घेऊन हिशोब मांडला, आणि तो छापायला तिची परवानगी आहे.

पॅकेज ९,००० रुपये. "अॅक्टिव्ह" राहायला चार महिने दरमहा १,५०० ची खरेदी, म्हणजे ६,०००. सेमिनारची तिकिटं आणि प्रवास २,४००. एकूण गेले १७,४००. हॉस्टेलच्या मुलींना साबण, टूथपेस्ट विकून आले ३,३००. मामेबहिणीला जोडलं त्याचं आणि इतर कमिशन मिळून २,१५०. एकूण आले ५,४५०. म्हणजे तोटा ११,९५० रुपयांचा, आणि उरलेला माल कॉटखाली. वेळ धरला आठवड्याला पाच तास, तर सव्वाशे तासांच्या आसपास गेला. तेवढ्या तासांत आमच्याच मजल्यावरची एक मुलगी दहावीच्या ट्युशन घेऊन स्वतःचा मेसचा खर्च काढते.

अपलाइनचं म्हणणं पडलं, "तू एफर्ट्स कमी घेतलेस. निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा." मला सगळ्यात जास्त चीड या वाक्याची येते. वर बघितलं तसं, झाडाच्या तळाशी कोणीतरी असणारच. तिने दुप्पट मेहनत केली असती तर ती कदाचित वर सरकली असती, पण मग तिची मामेबहीण आणि आणखी चार जणी तळाशी असत्या. रचनेतला दोष असा मुलीच्या मेहनतीवर ढकलायचा हे बरोबर नाही. पैशांचं ती म्हणते, सुटलं. मामेबहीण मात्र अजून नीट बोलत नाही.

ग्राहकाचा हिशोब

कंपन्या म्हणतात, आम्ही दुकानदार, होलसेलर आणि जाहिरातीचा खर्च वाचवतो. ऐकायला छान वाटतं. पण मधला माणूस गेला कुठे? दुकानात एक दुकानदार असतो, इथे एका ट्यूबवर वरच्या चार-पाच जणांचं कमिशन असतं. ते कोणाच्या खिशातून येणार? ग्राहकाच्याच.

एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अॅमवे इंडियाची ७५७ कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केली. तेव्हा ईडीने सांगितलं की २००२-०३ पासून कंपनीने २७,५६२ कोटी रुपये जमा केले आणि त्यातले ७,५८८ कोटी कमिशन म्हणून वाटले. म्हणजे शंभरामागे साडेसत्तावीस रुपये. बाजारातल्या तशाच वस्तूंपेक्षा किमती फार जास्त आहेत, असंही ईडीचं म्हणणं होतं. हा तपास २०११ पासूनचा जुना आहे आणि आपण सर्व सहकार्य केलं आहे, असं कंपनीने म्हटलं होतं.

आता न्यायाने बोलायचं तर काही वस्तू खरंच चांगल्या असतात. "आमचं लिक्विड काँसन्ट्रेटेड आहे, थोडंसंच लागतं" हेही कधीकधी खरं असतं. मग बाटलीची किंमत बघू नका, एका धुण्याची किंमत काढा. तेवढ्यात परवडलं तर खुशाल घ्या. वस्तू घ्यायला मेंबर व्हायची गरज नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९७८ चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा आहे. २००७ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने अॅमवेची तेव्हाची योजना या कायद्याखाली येते असं म्हटलं होतं. २०११ मध्ये स्पीक एशियाचं प्रकरण गाजलं. ११,००० रुपये भरा आणि घरबसल्या ऑनलाइन सर्व्हे भरून कमवा, वर माणसं जोडा. तिथे तर विकायला साबणसुद्धा नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेसच्या दुकानांसमोर लोक जमले, तिथेही दर आठवड्याचा परतावा आणि नवीन माणूस आणला की वेगळा बोनस होता.

डिसेंबर २०२१ पासून ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम लागू आहेत. त्यांनुसार पिरॅमिड स्कीम चालवायला बंदी आहे. घरी विकायला येणाऱ्याने आधी वेळ ठरवायला हवी, ओळखपत्र बाळगायला हवं आणि आपण कोण, कशासाठी आलो हे सुरुवातीलाच खरं सांगायला हवं. "फोनवर नाही सांगता येणार" हे यात कुठे बसतं, तुम्हीच ठरवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मग करायचं काय?

कुणी विचारलंच तर भांडू नका, चार प्रश्न विचारा.

१. मी एकही माणूस जोडला नाही, नुसता माल विकला, तर महिन्याला किती सुटतील?
२. मेंबर नसलेले किती लोक हा माल घेतात?
३. न खपलेला माल किती दिवसांत आणि किती टक्के पैशांत परत घेणार? लेखी आहे का?
४. तुम्ही स्वतः आतापर्यंत किती घातले आणि किती मिळवले? चेक दाखवू नका, दोन्ही बाजूंचा हिशोब दाखवा.

पहिल्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर पुढे बोलायला हरकत नाही. एखादी ताई घरोघरी डबे किंवा कॉस्मेटिक्स विकून, माणसं न जोडता चार पैसे मिळवत असेल तर तिचं कौतुकच आहे. उत्तराऐवजी "आधी मोठी स्वप्नं बघायला शिक" असं ऐकू आलं, तर उठून या.

जॉइन झाल्यावर पहिला होमवर्क मिळतो तो शंभर ओळखीच्या नावांची यादी करायचा. त्या यादीत मावशी असते, शाळेतली मैत्रीण असते, आणि हॉस्टेलला नुकतीच आलेली, कोणालाच न ओळखणारी फर्स्ट इयरची मुलगी असते. ती तुमच्या सांगण्यावर पैसे भरते, कारण तिला मेसची वेळ आणि झेरॉक्सचं दुकान तुम्हीच दाखवलेलं असतं. या वर्षी नवीन बॅच आली की तिला कोणीतरी संडेला बोलावणारच. त्याआधी तिला हा हिशोब आपण करून दाखवूया, एवढीच विनंती.