अंग बाहेर येते तेव्हा

कर्जत-खालापुरातल्या बायकांचे काम आपण रोज पाहतो. पावसात दिवसभर चिखलात वाकून आवणी. मग रानातून लाकडांची मोळी. उन्हाळ्यात पाणी लांब जाते. मग डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. पंधरा लिटरच्या हंड्यात पाणीच पंधरा किलो भरते. बाळंतपणाला महिना झाला नाही तोच कितीतरी जणी ही ओझी उचलतात.

आमच्या वर्गाला एक आजी येत. त्या कधी नीट बसत नसत. "बसा की आजी," म्हटले तर हसून टाळीत. एकदा सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "अंग भाईर येतं. बारा वरसं झाली. कुनाला सांगू?" बारा वर्षे! आम्ही अक्षरे शिकवीत बसलो आणि हे कधी विचारलेच नाही.

आजी एकट्या नव्हेत. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांची पाहणी छापली. शंभरांपैकी ९२ बायकांना बाईपणाचे काही ना काही दुखणे होते. आधी तपासून घेतलेल्या फक्त आठ.

ओटीपोटात गर्भाची पिशवी, लघवीची पिशवी आणि शौचाचे आतडे असते. त्यांना खालून स्नायूंचा आधार असतो, झोळीसारखा. बाळंतपणात ही झोळी ताणते. पुढे ओझी, जुना खोकला, शौचाला कुंथणे आणि उतारवय यांनी ती आणखी सैल होते. मग पिशवी खाली सरकते. हा कुणाचा शाप नव्हे.

झोळी बळकट करता येते. अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी १९४८ साली यासाठी एक व्यायाम सांगितला. त्याला पैसा लागत नाही. उताणे निजा, गुडघे वाकवा. लघवी आवरताना जसे आवळतो तसे आत आणि वर ओढा. पाच मोजेपर्यंत धरा, मग सोडा. तितकाच वेळ थांबा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. पोट, मांड्या ढिल्या ठेवा. लघवी करताना मात्र हा सराव करू नये. गुण यायला तीन-चार महिने लागतात. आठ दिवसांत सोडून देऊ नका.

ओझे निम्मे करा, दोन खेपा झाल्या तरी चालेल. उचलताना गुडघ्यात वाका, श्वास सोडा. (घरातल्या पुरुषांच्याही डोक्यावर हंडा राहतो, पडत नाही!) पालेभाजी, नाचणी खा, पाणी प्या, म्हणजे कुंथावे लागणार नाही. खोकला दोन आठवडे राहिला तर तपासून घ्या.

पाला, मुळी, औषधी वाटून आत ठेवू नका. जखम होते, ती चिघळते.

थोडे खाली आले असेल तोवर व्यायामाचा उपयोग होतो. पुरते बाहेर आले तर नुसत्या व्यायामाने भागत नाही. डॉक्टर आत रबरी कडे बसवतात, त्याला रिंग म्हणतात. शस्त्रक्रियाही असते; पण दर वेळी पिशवी काढावीच लागते असे नाही. मुंबईच्या डॉ. शिरोडकरांनी ती न काढता वर बांधण्याची रीत बसवली होती. लघवी अडली, पाळी गेल्यावर रक्त दिसले, बाहेर आलेल्या भागावर जखम झाली, तर थांबू नका. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. कशेळ्याला आणि खालापुराकडे चौकला ग्रामीण रुग्णालय. आशाताईंना बरोबर न्या.

आजींना रिंग बसली. ती अधूनमधून तपासायला जावे लागते. मागच्या खेपेला त्यांच्याबरोबर वाडीतल्या आणखी दोघी एसटीत चढल्या.