विमान ओळखावे कसे?

मंचेरियलास गोदावरीच्या वाळवंटात घरघर ऐकू आली की आम्ही “विमान!” म्हणून मान वर करतो. पण ते कोणते?

पंख, एंजिने, धड व शेपटी या चार खुणा क्रमाने पाहाव्यात. पंख धडाच्या माथ्यावर, पंख्याची दोन एंजिने आणि शेपटी ‘टी’ अक्षरासारखी असल्यास ते बहुधा एटीआर ७२ होय. बोइंग ७३७ व एअरबस ए ३२० ही जणू जुळी भावंडे. परंतु मिटलेली मोठी चाके बोइंगच्या पोटाशी उघडी दिसतात, एअरबसची झाकली जातात.

हा केवळ छंद नव्हे. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील स्वारीच्या वेळी, आपलीच विमाने आपल्याच तोफांनी पाडू नयेत म्हणून, दोस्त राष्ट्रांनी त्यांवर काळे-पांढरे पट्टे रंगविले होते. नीट पाहणे कित्येकदा प्राण वाचविते.