बॅगेतली औषधं

भारतातून येताना बॅगेत चिवडा-लाडवांबरोबर औषधांची पिशवी असतेच. आई-बाबा आले की तिच्यात भर पडते. मंडळी, ती पिशवी एकदा टेबलावर रिकामी करून बघा.

आमच्याकडे निघाल्या सात पट्ट्या, त्यांतल्या तीन कापलेल्या. चार गोळ्या मागितल्या की आपला केमिस्ट पट्टी कात्रीने कापून देतो. नाव आणि एक्स्पायरीची तारीख बहुधा दुकानातल्या तुकड्यावरच राहते! अशा गोळ्या ठेवू नयेत.

खरा घोळ नावांचा. क्रोसिन, डोलो, इथलं पॅनाडोल, मुलांचं कॅलपोल, गरम पाण्यातलं लेमसिप, सगळ्यांत पॅरासिटामॉलच. मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. डोलो ६५० असेल तर सहा गोळ्यांतच मर्यादा गाठते. वर रात्री लेमसिप घेतलं की हिशेब चुकलाच. जास्त झालं तर यकृताला इजा होते, आणि पहिल्या दिवशी फारसं जाणवतही नाही. म्हणून बरं वाटतंय म्हणून थांबू नका.

औषधं हॉट प्रेसमध्ये नकोत (आम्ही ठेवत होतो!), टाकीच्या उबेने बिघडतात. बाथरूमही दमट. बेडरूममधला उंच, कुलपाचा कप्पा बरा.

मुलाने काही गिळलं तर ब्यूमाँट हॉस्पिटलमधलं विषबाधा माहिती केंद्र सकाळी ८ ते रात्री १० फोनवर सल्ला देतं: ०१ ८०९ २१६६. एरवी थेट इस्पितळ. शुद्ध हरपली तर ११२ किंवा ९९९. पाकीट हातात घेऊनच बोला. भारतीय नाव त्यांना ओळखीचं असेलच असं नाही, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवा.