निबेवर भाळा, पण टोपण बघून घ्या

(मावशी शाईची पेनं जमवते. भाची सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे आणि तिला रोज लिहायला एक शाईचं पेन हवं आहे.)

भाची: मावशी, तुझ्या कपाटात एवढी भारी पेनं ओळीने झोपलेली, आणि दूधवाल्याचा हिशेब तू या निळ्या प्लॅस्टिकच्या पेनाने करतेस. मग ती मंडळी कशासाठी?

मावशी: बघायला. धुऊन-पुसून ठेवायला. दिवाळीला शाई भरून चार पत्रं लिहायला. जमवायचं पेन वेगळं आणि वापरायचं वेगळं, हे पेनं जमवणारा कुणीही तुला सांगेल. आणि वापरायची कुठली, असं विचारलंस तर बहुतेकांकडून तीच ती पाच-सात नावं ऐकू येतील. लॅमी सफारी, लॅमी 2000, पायलटचं कस्टम नाहीतर कॅपलेस, प्लॅटिनम 3776, एखादं पेलिकन, आणि जुन्यातलं पार्कर 51.

भाची: म्हणजे यांच्या निबा सगळ्यात चांगल्या?

मावशी: निबा चांगल्याच आहेत. पण निब दुकानात चार ओळी लिहिल्या की कळते. टोपण कसं आहे ते कळायला पेन घरी आणून वापरावं लागतं. आणि रोजचं पेन टोपणावर ठरतं, हे माझं मत आहे. चारजण याला हसतील, हसू देत.

भाची: मीही हसणारच होते. टोपणाचं काय एवढं?

मावशी: तू दिवसात किती वेळा पेन उघडतेस?

भाची: राउंडला प्रत्येक खाटेपाशी. ओपीडीत तर विचारूच नकोस. दोन ओळी लिहायच्या, पेशंटला तपासायचं, पुन्हा दोन ओळी.

मावशी: बघ. कादंबरी लिहिणारा सकाळी टोपण काढतो ते पान भरल्यावर लावतो. तुझं काम तुकड्यातुकड्यांचं. निबेच्या मधोमध चीर असते ना, तिच्यात शाई केशाकर्षणाने कायम टोकापर्यंत आलेली असते. निब उघडी राहिली की त्या शाईतलं पाणी उडतं, रंग मागे राहून घट्ट होतो. मग पहिलं अक्षर उमटत नाही, दुसरं गडद येतं. तू वैतागून पेन झटकतेस आणि शिंतोडे कोटावर.

भाची: टोपण लावलेलं असलं की प्रश्न मिटला ना पण?

मावशी: टोपण हवाबंद असेल तर. पुष्कळ देखणी, महागडी पेनं या एका परीक्षेत नापास होतात. आठवडाभर कपाटात ठेव, आठव्या दिवशी उघड, निब कोरडी ठणठणीत. प्लॅटिनमवाल्यांनी 2011 साली आपलं 3776 नव्याने काढलं तेव्हा नेमका याच गोष्टीवर हात घातला. टोपणाच्या आत आणखी एक छोटं टोपण आहे, त्याच्यामागे स्प्रिंग. बाहेरचं फिरवून लावलं की आतलं दाबून बसतं आणि निबेभोवती हवा खेळत नाही. दोन वर्षं पेन तसंच ठेवलं तरी लिहील, असा कंपनीचा दावा आहे. 3776 म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची. माँ ब्लांच्या निबेवरही त्यांच्या डोंगराची उंची असते, 4810. पेनवाल्यांना डोंगरांचं वेड दिसतं!

भाची: दोन वर्षं पेन न उघडण्याइतकी सुट्टी मला मिळाली तर! पण हे जपानी प्रकरण माझ्या स्टायपेंडमध्ये बसणारं नसेल.

मावशी: त्याच कंपनीचं प्रेपी नावाचं पेन आहे, काही शे रुपयांचं. टोपणाची युक्ती तीच. दिसायला अगदीच साधं, पारदर्शक प्लॅस्टिक. ज्यांच्याकडे दागिन्यासारखी पेनं आहेत, त्यांच्या पर्समध्ये हे निघालेलं मी पाहिलंय.

भाची: आणि ते कॅपलेस? त्याला टोपणच नसतं ना?

मावशी: नसतं. पायलटने 1963 साली आणलं. बॉलपेनसारखी मागची कळ दाबायची, की निब पुढे येते. हे घे, दाबून बघ. हळू. तोंडाशी काय दिसतं?

भाची: थांब... एक इवलीशी झडप आहे. निब आली की बाजूला होते, आत गेली की मिटते.

मावशी: ती झडप म्हणजेच याचं टोपण. एका हाताने उघड-मीट, दुसऱ्या हातात तुझं पॅड नाहीतर पेशंटचं मनगट. तुमच्या कामासाठी याहून सोयीचं पेन नाही. पण दोन खोडी आहेत. खिशाला अडकवायची क्लिप निबेच्या बाजूला असते, कारण खिशात निब वर राहायला हवी. म्हणजे लिहिताना क्लिप बरोबर बोटांच्या मध्ये येते. काहींना तिचा आधार वाटतो, काहींना चीड येते. आणि शाई फार थोडी मावते. लांबलचक केस लिहिणारीला ती दिवसभर पुरेलच असं नाही.

भाची: शाई जास्त मावणारं कुठलं?

मावशी: पायलटचंच कस्टम 823. दोन मिलिलिटरच्या वर घेतं. मागची कळ ओढून दाबायची, आतली हवा विरळ होते आणि शाई भस्सकन वर येते. मजा आहे. पण पान-दोन पानांहून जास्त लिहायचं तर शेपटीचा स्क्रू थोडा सैल करावा लागतो, नाहीतर आतली झडप शाईची वाट बंदच ठेवते. विमानात हीच झडप वरदान, वॉर्डमध्ये कटकट. शिवाय टोपण आट्यांचं. फिरवत बसा. पेलिकनचं टोपणही आट्यांचंच, पण पुरता एक फेराही लागत नाही, म्हणून ते सुसह्य.

भाची: पार्कर 51 चं नाव घेतलंस. ते तर आजोबांचं होतं ना?

मावशी: आजोबांच्या पिढीचं स्वप्न होतं ते. 1941 साली बाजारात आलं. 51 कशासाठी, तर कंपनीला 1939 साली एक्कावन्न वर्षं झाली, तेव्हा ते तयार होत होतं. पार्करवाल्यांना लवकर वाळणारी शाई काढायची होती, टीपकागद लागू नये म्हणून. शाई तयार झाली, पण ती कागदावर वाळण्याआधी निबेवरच वाळायची, आणि त्या काळच्या प्लॅस्टिकलाही खायची. मग त्यांनी शाईसाठी पेन बनवलं. निब नळीसारखी केली आणि कवचाखाली दडवली, नुसतं टोक बाहेर. आत बारीक चकत्यांचा एक भाग बसवला, जास्तीची शाई धरून ठेवणारा. अंगाला ल्युसाइट नावाचं नवं प्लॅस्टिक, टोपण नुसतं सरकवून बसवायचं.

भाची: म्हणजे टोपण काढून ठेवलं तरी निब सुकत नाही?

मावशी: इतर पेनांच्या मानाने कितीतरी उशिरा. तू पेशंटची छाती तपासून येईपर्यंत ते तयार असतं. आणि 1948 पासूनच्या पेनांत जी दाबून भरायची पिशवी आहे, तिची जात इतकी चिवट की आजही अनेकांची मूळ पिशवी चालते. नुसतं कोमट पाण्याने धुवायचं. म्हणून जुन्या पेनांपैकी रोज वापरायला लोक हेच काढतात. बाकीची जुनी पेनं म्हणजे रबर कडक झालेलं, गळती लागलेली. त्यांची सेवा करावी, त्यांच्याकडून सेवा घेऊ नये.

भाची: निब दडवलेलं पेन म्हणजे ते हिरो पेनच की! आईकडे आहे, सोनेरी टोपणाचं.

मावशी: हिरो म्हणजे पार्कर 51 ची चिनी नक्कल. आपल्या कित्येकांच्या दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका त्यानेच लिहिल्या. एखादं लोण्यासारखं चालायचं, शेजारचं तसंच दिसणारं कागद ओरबाडायचं. नशिबाचा खेळ.

भाची: लॅमीचं राहिलं.

मावशी: त्यात फार बोलण्यासारखं नाही. सफारी 1980 पासून आहे, जर्मन शाळकरी मुलांसाठी काढलेलं. टोपण टक्कन बसतं, पडलं तरी फुटत नाही, निब बिघडली तर ओढून दुसरी बसवता येते. फक्त बोटं धरायची जागा त्रिकोणी आहे, तुझी पकड वेगळी असेल तर जमायचं नाही. लॅमी 2000 हे 1966 चं, काळं, खरखरीत, वर्षानुवर्षं जवळजवळ जसंच्या तसं. पिस्टनने भरतं, निब अर्धी झाकलेली, टोपण ओढलं की निघतं. महाग आहे, पण मिरवत नाही, म्हणून मिरवायचं वय उलटलेल्यांना आवडतं.

भाची: त्याची निब सोन्याची आहे म्हणे. सोन्याने अक्षर सुधारतं का?

मावशी: अक्षर सुधारायला शुद्धलेखनाची वही लागते. कागदाला टेकतो तो मणी सोन्याचा नसतोच, स्टीलच्या निबेवरही आणि सोन्याच्या निबेवरही दुसऱ्याच कठीण मिश्रधातूचा असतो. पूर्वीच्या शाया आम्लधर्मी, स्टील गंजायचं, म्हणून सोनं वापरत. आता सोन्यात थोडी लवचीक चाल मिळते, तीही घडणीवर अवलंबून. तुला वॉर्डात उभ्याने, पॅडवर दाबून लिहायचंय, तुला कडक स्टीलच बरं.

भाची: पेन दुसऱ्याला दिलं की निब बिघडते, हे तरी खरं का?

मावशी: एका फटक्यात नाही. मणी झिजायला वर्षं लागतात. पण बॉलपेनवाला माणूस शाईचं पेनही रेटून चालवतो, आणि मग निबेचे दोन पाय फाकतात. बाई शाळेत पेन देऊ नका म्हणायच्या, त्या चुकीच्या नव्हत्या.

भाची: आणि निब किती जाडीची घेऊ?

मावशी: बारीक. जपानी फाइन ही युरोपातल्या फाइनपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. इंग्रजी अक्षराला जाड निब शोभते, पण आपल्या बाळबोध लिपीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. जाड निबेने बारीक अक्षर काढ, ‘क्ष’ आणि ‘ळ’ची पोटं भरून जातात. शिवाय तुमच्याकडचा केसपेपर! त्याच्यावर शाई टेकवली की मुळं फुटतात.

भाची: फुटतात. पाठीमागचंही वाचता येतं.

मावशी: कागद बदलणं तुझ्या हातात नाही. मग निब बारीक आणि शाई कोरडी, म्हणजे कमी वाहणारी. पेलिकनची 4001 निळी-काळी चालेल. त्यात लोहक्षार असतात, हवा लागली की हळूहळू काळी पडते, पाण्याने सहज जात नाही, वाईट कागदावर कमी फुटते. फक्त पेनात वाळू द्यायची नाही, महिन्याकाठी धुवायचं. नेहमीची निळी शाई पाण्याचा थेंब पडला की ओघळते. सही त्या शाईने नको, पावसाळ्यात तर नकोच.

भाची: ही सगळी परदेशी नावं झाली. आपल्याकडचं काहीच रोज चालत नाही?

मावशी: चालतं की! राजमहेंद्रीचे रत्नम 1930च्या दशकात हाताने पेनं करू लागले, स्वदेशीच्या हाकेवरून. त्यांचं पेन वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे गेलं, आणि 1935 साली गांधीजींनी पत्राने पसंती कळवली. ही परंपरा अजून जिवंत आहे, आंध्रात, तामिळनाडूत. एबोनाइटची पेनं, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. लेथवर कातलेली, हातात ऊबदार लागणारी, मोठ्या अक्षरांच्या माणसांना हवी तशी जाड. हे धर.

भाची: वा! हे सोडवत नाही हातातून.

मावशी: आता टोपण काढ.

भाची: ... अजून फिरतंय. अजून. निघालं.

मावशी: तोवर तुझा पेशंट पुढच्या खाटेवर. आणि यात ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायची. खूप मावते, आठवडा निघतो. पण शाई तळाला गेली की वरची जागा हवेने भरते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. निबेखालच्या जिभेवर थेंब जमताना दिसतो, मग तो टपकन कागदावर. एबोनाइटमधून ऊब आत सावकाश जाते, म्हणून यात हे कमी होतं, प्लॅस्टिकच्यात जास्त. उपाय सोपा, पाऊण रिकामं झालं की भरायचं. टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला मी डोळे मिटून हे पेन सुचवेन. तुला नाही.

भाची: मग मला काय? एकच सांग.

मावशी: आत्ता प्रेपी, सर्वांत बारीक निबेचं, आणि निळी-काळी शाई. सहा महिने वापर. तोवर शाईच्या पेनाची सवय टिकली तर कॅपलेस घे, पण क्लिप बोटाला खुपते का ते दुकानात दहा ओळी लिहून बघ. खुपली तर सफारी.

भाची: आणि फॉर्मची कार्बन कॉपी?

मावशी: ती शाईच्या पेनाने होत नाही. तेवढा दाब दिलास तर निबेचा जीव जाईल. खिशात एक बॉलपेन ठेवायचंच.

भाची: वॉर्डात पेन कायम कुणीतरी मागतं. परत येईलच याची खात्री नाही.

मावशी: मागितलं की बॉलपेन द्यायचं.

भाची: सरांनी मागितलं तरी?

मावशी: सरांना आधी. त्यांच्याकडून तर कधीच परत येत नाही.